काठाची बाजू

धुलाईघरात नवीन बाई कामाला आली की मावशी तिला आधी विचारायची, "काठाची होणार की पाण्याची?" ती बिचारी भांबावून आमच्याकडे बघायची. मग आम्ही चादरीची दोन टोकं तिच्या हातात द्यायचो आणि समोरची दोन आपण धरायचो.

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. घातली तर तिला घडी म्हणत नाहीत, बोचकं म्हणतात. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, चादरीला एक झटका द्यायचा, तिरकी ओढून सुरकुत्या काढायच्या आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. टोकाला टोक लागलं की एकीनं वाकून मोडलेली बाजू उचलायची, मागं सरायचं, पुन्हा पुढं यायचं. शेवटी चादर एकीच्या कुशीत येते आणि दुसरीचे हात रिकामे राहतात. दवाखान्याच्या, लॉजच्या, वसतिगृहांच्या चादरी आमच्याकडे येतात. दिवसभर तेच चालतं, जवळ यायचं, लांब जायचं. आमचं गाणंही त्याच चालीचं आहे.

गाण्यामागची गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. तळ्याच्या तळाशी एक राणी राहते. तिला धुणारी लागत नाही, पाण्याखाली सगळं धुतलेलंच असतं. पण तिथं कशाचीच घडी बसत नाही. नेसलेलं, पांघरलेलं सगळं आपलं तरंगत राहतं. राणी वैतागली. काठावर दोन मैत्रिणी घड्या घालत होत्या, त्यातली एक तिनं उचलून नेली. घडीला दोघी लागतात हे तिला कुठलं ठाऊक, राण्यांनी कधी घड्या घातल्यात? तेव्हापासून एक पाण्यात आणि एक काठावर. सकाळी तळ्यावर धुकं दिसतं, ती त्या दोघींनी धरलेली चादर. ऊन चढलं की घडी पुरी होते, चादर काठावर राहते आणि पाण्यातली खाली जाते.

काठाची विचारते, पाण्याची उत्तर देते. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पाण्याची बाजू आपल्या लेकीला, म्हणजे माझ्या नणंदेला, शिकवलेली होती. मला काठाची मिळाली. माझं पहिलं कडवं असं:

पाण्यातल्या गं बाई, तुझी वेणी कोण घाली?
काठावर माझ्या हाती फणी तशीच राहिली.

यावर वन्सं जे म्हणायच्या ते इथं लिहीत नाही. अर्थ सांगते. मासे वेणी घालतात, पण त्यांना गाठ मारता येत नाही, म्हणून ती रोज सुटते. शब्द मात्र वन्संचे. एका गळ्यातून दोन्ही बाजू काढायच्या नाहीत असा नियम आहे. जोडीतली एक देवाघरी गेली, तरच मागं राहिलेली पहिल्या चादरीवर दोन्ही बाजू म्हणते, तीही एकदाच. म्हणजे पलीकडे आता कुणी नाही. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या जोडीदारणीनं, आमच्या मावशीनं, अशी चादर म्हटली होती. काठाचं विचारताना तिचा आवाज नेहमीचा होता. पाण्याचं उत्तर देताना तिच्या तोंडून सासूबाईच बोलतायत असं वाटलं आणि आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यानंतर मावशी गायली नाही. ती कोपऱ्यात बसून तुटलेली बटणं लावते आणि सगळ्यांना टोमणे मारते.

वन्सं मात्र देवाघरी गेल्या नव्हत्या. त्या एका बोटीवरच्या स्वयंपाक्याबरोबर गेल्या.

बोटीचं धुणं घेऊन तो यायचा. त्याच्या चादरींना कांद्याचा वास. "वहिनी, हा माणूस चादरीवर भाजी चिरतो की काय?" वन्सं मला म्हणायच्या. आधी हसून म्हणायच्या, पुढं पुढं न हसता, आणि एके दिवशी त्याच्या चादरींची घडी त्यांनी दुसऱ्या कुणाला घालू दिली नाही. तेव्हाच मी ओळखलं.

आमच्या ह्यांना ते पटलं नाही. "बोटीवरचा माणूस! आज इथं, उद्या देव जाणे कुठं. माझ्या बहिणीनं काय धक्क्यावर उभं राहून म्हातारं व्हायचं?" वन्संनीही आवाज चढवला. दोघं एकाच आईची लेकरं, कुणी कुणाचं ऐकेना. वन्सं गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हे बॉयलर पेटवून घडीच्या टेबलापाशी आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "आजची पहिली चादर दोन्ही बाजूंनी म्हण."

ह्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता. त्या दिवशी पडू दिला. चादरीची दोन टोकं भिंतीतल्या खुंटीला अडकवली, दोन हातात धरली, काठाचं कडवं म्हटलं आणि थांबले. उत्तराला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ थांबले. मग पुढचं म्हटलं. ह्यांनी थोडा वेळ बघितलं आणि बॉयलरकडे निघून गेले.

पुढं तो माझा नेमच झाला. आंघोळ, देवापुढं दिवा, मग पहिली चादर. त्याआधी घोटभर पाणीही घेत नाही. बाकीच्या चादरी मावशीबरोबर, मुकाट्यानं. ह्यांना कुणी विचारलं, भावंडं किती, तर म्हणायचे, "एकटाच आहे मी." मी आतल्या खोलीत असले तरी मला ते ऐकू यायचं.

लोक म्हणतात सवय होते. मला नाही झाली. दोन टोकं जुळली की वन्सं माझं बोट हळूच चिमटायच्या. समोर कुणी मोठं असेल, हसणं बरं दिसणार नसेल, तेव्हा तर हमखास. खुंटीजवळ पोचले की माझं बोट अजून जरा आखडतं. तळ्यातल्या बाईला तिची मैत्रीण विचारते:

पाण्यातल्या गं बाई, हाक तुला कशी पोचे?
खडा टाकते जपून, तुला लागेल वाटे.

हे म्हणताना मला रोज वाटायचं, मी तर एक खडाही टाकला नाही. कुठं टाकायचा तेच माहीत नव्हतं. त्या कुठल्या गावात आहेत, आहेत तरी का, काही कळलं नव्हतं. मी देवाला एवढंच म्हणायची, मला दोन्ही बाजू म्हणायची पाळी आणू नकोस.

एक दिवस एक बाई गळ्यात रेकॉर्डर अडकवून आल्या. मावशीला वाटलं तपासणी आली. तिनं सुयांचा डबा मांडीखाली सरकवला.

"मी गाणी गोळा करते," त्या म्हणाल्या. "भुताखेतांची, पाण्यातल्या बायांची, शापाची, चमत्काराची. तुमच्याकडे एक आहे असं कळलं."

"भूत हवं असेल तर ते बॉयलरपाशी बसलंय," मावशी म्हणाली. "दिवसातून दोनदा बोलतं. नशीब असेल तर ऐकाल."

गाणीवाल्या बाई हसल्या. माणूस चांगला होता. आल्या आल्या यंत्र पुढं केलं नाही, चार चादरींच्या घड्या माझ्याबरोबर घातल्या. वाकड्या घातल्या, पण घातल्या. मग म्हणाल्या, "ताई, उद्या सकाळच्या पहिल्या चादरीला येऊ का?"

दुसऱ्या दिवशी मी खुंटीला टोकं लावून म्हटलं. त्यांनी यंत्रात भरून घेतलं. कानाला लावून पुन्हा ऐकलं आणि विचारलं, "मधे एवढं थांबता, ते पुढचं आठवत नाही म्हणून?"

"आठवतं. पण ते माझं नाही."

मी नियम सांगितला. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. "अशी गाणी मी ठिकठिकाणी ऐकलीत," त्या म्हणाल्या. "कुठं विहिरीतला मुलगा आणि काठावर आई. कुठं डोंगरानं गिळलेला भाऊ. पण बाजू वाटून घेतलेली पहिल्यांदा बघतेय. एका ठिकाणी तर एकच आजी दोन्ही आवाज काढत होती."

"तिचं पलीकडे कुणी उरलं नसेल."

"हो," त्या म्हणाल्या. "बहीण होती तिची. वारली होती."

मग त्यांनी अगदी आर्जवानं विचारलं, पाण्याची बाजू इथं आणखी कुणाला येते का? अर्धं गाणं नेलं तर पुढं कुणालाच ते कळायचं नाही. मी नाही म्हणून मान हलवली. नव्या बायकांना घडी यायची, गाणं नाही. तेवढ्यात हे नळावर हात धुवायला आले आणि मावशीनं दाताखालचा दोरा सोडला. "ह्याला येतं की. आईच्या पोटात असल्यापासून ऐकतोय."

"दादा, तुम्ही म्हणाल?" बाई म्हणाल्या. "तुम्ही आणि ताई, दोन गळे झाले. नियमही मोडणार नाही."

माझ्या हातातली टोकं घामानं ओली झाली. नियम खरंच मोडणार नव्हता. वन्सं मेल्या असं कुणी म्हणणार नव्हतं. ह्यांनी त्यांची बाजू घेतली की झालं. मग त्या आल्या तरी त्यांच्यासाठी चादरीचं टोक उरणार नाही. माणसाला घरातून काढायला एवढंही पुरतं. मला ओरडून नको म्हणावंसं वाटलं, पण माझा आवाज असाही कधी मोठा निघत नाही.

ह्यांनी हात पुसले. खुंटीवरची टोकं सोडवली आणि धरली. अंगठा आत, बोटं बाहेर, सासूबाई धरायच्या तशी. "म्हण," मला म्हणाले.

मी वेणीचं कडवं म्हटलं आणि चालत पुढं गेले. आता ह्यांची पाळी. ह्यांनी तोंड उघडलं. श्वासही घेतला. बॉयलरची शिटी तेवढी वाजत राहिली.

"हे माझं नाही," हे म्हणाले.

"मग कुणाचं?" बाईंनी विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

"बहिणीचं."

"त्या असतात का कुठं?"

"असते की! नसायला काय झालं तिला?"

मावशीची सुई कापडात तशीच राहिली.

हे चादरीकडे बघत बोलत होते, कुणाला पत्ता सांगावा तसे. "बंदराच्या गावी उतरायचं. जुन्या गोदामांच्या मागं एक उताराची गल्ली आहे. कुलपं दुरुस्त करणारा बसतो, त्याच्या समोरची इमारत. दुसरा मजला. खिडकीला निळा पडदा आहे. त्याआधी पिवळा होता."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हे तिथंच थांबले असते.

"अरे वा!" मावशी म्हणाली. "मेलेल्यांचे पत्ते बरे पाठ असतात तुला! आणि पडद्यांचे रंगसुद्धा! तरीच म्हटलं, ह्या बॉयलरला दरवर्षी कसला एवढा पार्ट लागतो, की त्याच्यासाठी बंदरापर्यंत जावं लागतं."

"मावशी, बटणं लाव," हे म्हणाले आणि माझ्या हातात टोकं देऊन निघून गेले.

संध्याकाळी घरी मी भाजी निवडत होते. हे समोर बसले होते. मी विचारलं नाही, तरी म्हणाले, "वर गेलो नाही कधी. समोर बसतो जरा वेळ आणि येतो." मी म्हटलं, "मला एकदा तरी सांगायचंत." हे म्हणाले, "तू गेली असतीस वर." खरं होतं ते. मी असते तर धावत गेले असते, आणि मग ह्यांना खाली बसायला काही कारणच उरलं नसतं.

गाणीवाल्या बाई बंदराच्या गावी जाऊन आल्या. आल्या त्या सरळ घडीच्या टेबलापाशी. आम्ही तिघं त्यांच्याभोवती उभे राहिलो.

"भेटल्या," त्या म्हणाल्या. "पण गायल्या नाहीत. ताईंचा आवाज ऐकला, पहिलं कडवं संपलं, त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्या हातातलं यंत्र बाजूला केलं. मग बोलल्या तेवढं आहे ह्यात."

त्यांनी यंत्र लावलं. आधी कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज. मग वन्संचा. जाड झालेला, जरा घोगरा, पण त्यांचाच.

"मी गेल्यापासून समोर कोण असतं म्हणालात? खुंटी? अहो, ती खुंटी वाकडी आहे! चादर एका अंगानं लांब येणार. दादाला म्हणावं, एवढंही बघता येत नाही का तुला." मग नाक ओढल्याचा आवाज. "नाही हो बाई, असं यंत्रात नाही येत मला. हातात चादर नाही, समोर वहिनी नाही. पाण्यानं कुणाला उत्तर द्यायचं? ... दादा अजून चहा गार करून पितो का?"

संपलं. एवढी वर्षं उत्तरासाठी जागा सोडत आले होते, आणि त्या जागेत हे आलं. वाकडी खुंटी आणि गार चहा. मला आणखी काही नको होतं, आणि आता सगळंच हवं होतं.

"पुन्हा लावा," हे म्हणाले. बाईंनी पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. मग हे म्हणाले, "उद्या बॉयलर बंद."

"पार्ट आणायला?" मावशीनं विचारलं.

"हो."

"जड असेल. दोघं जा."

चादर निवडताना आमचं भांडण झालं. मी घरची मऊ चादर काढली होती. "ही आखूड आहे," हे म्हणाले. "दोघींना चालायला जागा कुठली हिच्यात?" ह्यांनी लॉजच्या गठ्ठ्यातली सगळ्यात मोठी काढली. मी म्हटलं, "अहो, लोकांची आहे." तर म्हणाले, "परत धुऊन देऊ. धंदाच आहे आपला."

बंदराचं गाव वाऱ्याचं होतं. गल्ली ह्यांनी सांगितली तशीच होती. कुलूपवाल्यानं मान वर केली आणि म्हणाला, "या! यंदा लवकर?" आणि बसायची फळी पुसली. हे ओशाळले. माझ्या हातात चादर देऊन फळीवर बसले आणि बुटांकडे बघत म्हणाले, "तू हो पुढं."

"आणि तुम्ही?"

"बघू."

दार वन्संनी उघडलं. केस सगळे पांढरे. मला बघून त्यांनी दाराची चौकट धरली.

"वहिनी, किती वाळलात हो!"

"ती सगळी भर तुमच्या अंगावर दिसतेय."

मग आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. त्यांच्या खांद्याला साबणाचा वास होता, आणि थोडा कांद्याचा.

"आमचे हे बाजारात गेलेत," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "बोट सुटली कधीच. गुडघे गेले ना. आता चोवीस तास घरात, पायात पायात येतात. दादाला सांगा, म्हणावं धक्क्यावर उभं राहायची वेळच आली नाही, घरात उभं राहायला जागा मिळेना." हसत हसत त्या खिडकीशी गेल्या आणि निळा पडदा सारला. खाली बघितलं. हाक मारली नाही. तशाच उभ्या राहिल्या.

"दरवर्षी येतो," त्या म्हणाल्या. "मी पडदा बदलते. त्याला कळावं, की मी आहे म्हणून."

मी चादर सोडली. त्यांनी टोकं धरली आणि पाठ खिडकीकडे केली. खोली लहान होती. खुर्ची उचलून पलंगावर ठेवावी लागली. झटका दिला तेव्हा चादरीचा वारा लागून भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

मी पहिलं कडवं म्हटलं आणि चालत गेले. वन्सं उत्तर देत आल्या. त्यांचा सूर खाली उतरला होता, मला माझा खाली आणावा लागला. जिथं मी रोज थांबत होते तिथं आता आवाज होता, आणि त्यानं मी दोनदा चुकले. टोकं जुळली तेव्हा त्यांनी माझं बोट चिमटलं. उन्हाचं कडवं झालं, हाकेचं झालं. त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणत होत्या, खिडकीबाहेर जाईल असं. शेवटचं कडवं माझं:

पाण्यातल्या गं बाई, आता येशील का घरी?
काठावर मी म्हातारी, दिवा ठेवते दारी.

या कडव्याला पाण्याची उत्तर देते आणि चादर सोडते. उत्तर होय नसतं, नाहीही नसतं. ती उलट विचारते, कुठलं घर? आणि खाली जाते.

वन्संनी उत्तर दिलं नाही. चादरही सोडली नाही. अर्ध्या घडीची चादर आम्हा दोघींमध्ये धरलेली, माझे हात दुखायला लागलेले.

"शेवटचं आज नको," त्या म्हणाल्या. "राहू दे असंच जरा."

"राहू दे," मी म्हटलं.

खाली दार वाजलं. जिन्यात पावलं ऐकू आली, जड, एकेक पायरी विचारून चढावी तशी. पहिल्या मजल्यावर येऊन ती थांबली. आम्ही हललो नाही. मला वाटलं, गेले परत. मी वन्संच्या तोंडाकडे बघितलं. त्या मान वाकडी करून दाराकडे कान लावून उभ्या होत्या.

"दम लागला असेल दादाला," त्या हळूच म्हणाल्या.